कुठूनही वर येता येईल असं तळं

मोठे दीर बावखल बुजवायचं म्हणाले. सासूबाई तगरीच्या कळ्या निवडत होत्या, त्या निवडत राहिल्या. माझ्या नवऱ्याने नुसती मान हलवली. जाऊबाई आत स्वयंपाकघरात होत्या. त्यांना ऐकू गेलं असणार, कारण पोळपाटाचा आवाज थांबला आणि थोड्या वेळाने परत सुरू झाला.

बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं. विहिरीसारखं बांधलेलं नसतं, नुसतं खोल खणलेलं असतं. वाडीला पाणी द्यायला पूर्वी त्यावर रहाट असायचे, मग पंप आले. वसईला होळी नावाच्या भागात मी लग्न होऊन आले त्या काळात जवळजवळ प्रत्येक वाडीत एक बावखल होतं. मी परळच्या चाळीत वाढलेली. आमच्या घराच्या मागे, केळीच्या रांगांपलीकडे एवढं मोठं स्वतःचं पाणी आहे, याचं मला पहिल्या आठवड्यात इतकं अप्रूप वाटलं की मी भावाला पत्र लिहून कळवलं. मग नवऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, त्याबद्दल घरात फार बोलू नकोस.

दिरांचा पहिला मुलगा त्या पाण्यात गेला होता. चौथं वर्ष सरत आलं होतं त्याचं. जाऊबाई तेव्हा दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी होत्या. दीर पंप चालू करून केळीच्या रांगेतला पाट बदलायला गेले, मुलगा पंपाजवळ खेळत होता. ते परत आले तेव्हा तो काठावर नव्हता. बावखलाच्या कडा तीन बाजूंनी भिंतीसारख्या सरळ होत्या. उतार एकाच बाजूला, तोही गुरांसाठी केलेला, पंपापासून लांब. मोठ्या माणसालाही दुसरीकडून वर येणं कठीण होतं.

त्यानंतर दिरांनी पंप काढला, बोअर मारली आणि बावखलाला काटेरी तारेचं कुंपण घातलं. जाऊबाई मुलीला घेऊन माहेराहून परत आल्या, त्या बावखलाच्या वाटेवरच्या चिंचेच्या झाडापलीकडे कधी गेल्याच नाहीत. मी आले तोपर्यंत याला चार वर्षं होऊन गेली होती. पाण्यावर जलपर्णी माजली होती. कुणी त्या बाजूला बघत नसे.

मग आजूबाजूला इमारती उठायला लागल्या. नालासोपाऱ्याकडून सुरू झालेलं बांधकाम हळूहळू आमच्या वाड्यांपर्यंत आलं होतं, आणि पाया खणताना निघालेली माती आणि रॅबिट, म्हणजे दगडविटांचा राडारोडा, टाकायला त्या लोकांना जागा हवी असायची. एक मुकादम दिरांना भेटला. खड्डा फुकटात भरून देतो म्हणाला. दीर लगेच हो म्हणाले. पंपाची जागा रोज डोळ्यांसमोर नको, असं त्यांना वाटत असणार. मला ते पटण्यासारखं होतं.

पहिला ट्रक सकाळी आला. आम्ही घरातूनच तो रिकामा होण्याचा आवाज ऐकला. दगड पाण्यात पडल्याचा तो आवाज मोठा होता. मी शाळेत जायची तयारी करत होते. वसईतल्याच एका शाळेत मी चित्रकला शिकवायचे. दुसरा ट्रक वाडीत शिरला आणि जाऊबाई पिठाच्या हातांनी मागच्या दाराने बाहेर पडल्या. चिंचेपलीकडे गेल्या. मी चप्पल न घालता त्यांच्यामागे धावले.

त्या कुंपणाचा खांब धरून उभ्या राहिल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "थांब. मागे घे गाडी."

ड्रायव्हरने दिरांकडे बघितलं.

दीर म्हणाले, "तू घरात जा. इतकी वर्षं इकडे फिरकली नाहीस. आता ठेवून काय करायचंय हे?"

"फिरकले नाही म्हनून बुजवायचं? माझं पोर इथे होतं. वर माती टाकून केळी लावाल, मग कोन सांगनार इथे काय झालं? सगळे विसरून जातील. तुम्हीपन."

जाऊबाई अर्नाळ्याकडच्या भातशेतीच्या गावातल्या. त्यांच्या बोलण्यात ण नसायचाच. बाकी घरातली बोली मला पुरती कधी जमली नाही, म्हणून सगळ्यांचं बोलणं मी माझ्याच मराठीत लिहिते आहे. पण जाऊबाईंचं 'पानी' मला 'पाणी' असं लिहवत नाही.

दिरांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी बघितला नव्हता. "मी विसरेन?" एवढंच म्हणाले आणि वाडीतून निघून गेले. ड्रायव्हर थोडा वेळ थांबला, मग त्याने ट्रक मागे घेतला. जाऊबाई तिथेच उभ्या होत्या. मी त्यांना धरून घरी आणायला गेले तर म्हणाल्या, "मला काही झालं नाही. तुला शाळेला उशीर होईल."

पुढचे काही दिवस घर फार अवघडलेलं होतं. दीर लवकर जेवून उठायचे. सासूबाई उगाचच मोठ्याने बोलायच्या. अर्धवट पडलेल्या दगडमातीच्या ढिगाने बावखलाची एक बाजू भरली होती, आणि ते ना धड पाणी राहिलं होतं ना जमीन.

एका दुपारी आम्ही दोघी वाल सोलत बसलो होतो. जाऊबाई एकदम म्हणाल्या, "तू चित्रं काढतेस ना? मला एक तळं काढून दाखव."

"कसलं तळं, वहिनी?"

"ज्यात कोनी बुडनार नाही असं."

मी ड्रॉइंगचा कागद घेऊन आले. खरं सांगायचं तर मला उत्साहच आला. मी वळणदार काठाचं तळं काढलं, मध्ये छोटा लाकडी पूल, एका बाजूला दगडांतून पडणारं पाणी, भोवती बांबू. मुंबईतल्या बागांमध्ये पाहिलेलं सगळं त्यात घातलं. जाऊबाई चित्र गुडघ्यावर घेऊन बराच वेळ बघत राहिल्या.

"चांगलं आहे. पन हा पूल काढ."

"का? छान दिसेल."

"पुलावरून पोर वाकून बघतं." मग त्यांनी पडणाऱ्या पाण्यावर बोट ठेवलं. "हे पन नको. आवाज असला की हाक ऐकू येत नाही."

मी खोडत गेले. बांबूही गेले, कारण त्यांच्याआडून माणूस दिसत नाही. काठावरचे गोल दगड गेले, त्यांवर शेवाळ धरतं. शेवटी कागदावर एका पसरट बशीसारखा आकार उरला. मला वाटलं, यात बागेसारखं काहीच राहिलं नाही. जाऊबाईंना मात्र ते पटलं. "असंच," त्या म्हणाल्या. "चारी बाजूंनी उतार. कुठूनही वर येता आलं पाहिजे."

दिरांना हे माझ्या नवऱ्याने सांगितलं. ते चिडले नाहीत, पण म्हणाले, "खड्डा तो खड्डाच. मी त्यात हात घालणार नाही." तेव्हा सासूबाई, ज्या या विषयावर इतक्या वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या, म्हणाल्या, "नको घालूस. पण तिला करू दे."

मे महिन्यात बावखलाचं पाणी तळाला गेलं, तेव्हा काम सुरू झालं. दोन गडी लावले. कुंपण काढलं, जलपर्णी उपसली, तिचा ढीग केळीला खत म्हणून गेला. ट्रकने टाकलेलं रॅबिट खोल भागात पसरून दाबलं, त्यावर काठ तोडून काढलेली माती. बावखलाचा जवळजवळ निम्मा भाग असा सपाट जमीन झाला. उरलेल्या अर्ध्यात तळं. खोली किती ठेवायची, हे मी फुटांत सांगायला लागले तर जाऊबाई म्हणाल्या, "फूटबीट मला कळत नाही." त्या चपला काढून आत उतरल्या. तेवढं अंतर चालताना त्या दोनदा थांबल्या. मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि साडी थोडी उचलून गुडघ्याखाली हात लावला. "पानी इथपर्यंत. याच्यावर थेंब नको."

जास्त झालेलं पाणी वाहून जावं म्हणून त्या उंचीवर आम्ही एक पाट काढला, तो पुढे शेजारच्या ओहोळाला मिळवला. तळावर चिकणमाती टाकून गड्यांनी ती पायाने तुडवली. उतारावर जांभ्याच्या चिऱ्यांचे तुकडे रोवले, पाय घसरू नये म्हणून. मला वाटलं, झालं.

जाऊबाईंना तसं वाटलं नाही. गडी जेवायला गेले होते. आम्ही दोघीच होतो. त्या तळ्याच्या मध्यावर गेल्या, खाली बसल्या आणि हातापायांवर रांगत उतार चढायला लागल्या. नऊ वर्षांच्या मुलीची आई, घरची मोठी सून, लहान मुलासारखी रांगत काठावर आली. परत आत गेली. दुसऱ्या बाजूने वर आली. त्या काय बघताहेत ते मला कळत होतं. तिसऱ्या बाजूला, जिथे पूर्वी पंप होता, तिथे त्यांचा हात चिऱ्यावरून सटकला आणि त्या छातीवर आपटत खाली आल्या. पुन्हा चढायला लागल्या, पुन्हा सटकल्या.

"इथे जमत नाही," त्या धापा टाकत म्हणाल्या. "इथे अजून उभं आहे."

मी त्यांना उठवायला आत उतरत होते, तेव्हा केळीच्या रांगेत दीर दिसले. ते कधीपासून उभे होते, मला माहीत नाही. हातात विळा होता. माझी नजर गेली तशी ते मागे वळून पानांत शिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं खुडायला मी मागे गेले, तर दीर त्या तिसऱ्या बाजूला कुदळ मारत होते. रोवलेले चिरे उपटून त्यांनी एका बाजूला रचले होते. काठ आणखी मागे घेऊन ते उतार पसरट करत होते. अंगातला बनियन घामाने चिकटला होता. गडी आल्यावर त्यांनाही हात लावू दिला नाही. दुपारी जाऊबाईंनी माझ्याबरोबर त्यांच्यासाठी भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी पाठवली. स्वतः चिंचेखाली उभ्या राहून बघत होत्या. संध्याकाळी दीर थांबले, तेव्हा ती बाजू सगळ्यांत हलक्या उताराची झाली होती. ते घरात येऊन जाऊबाईंना म्हणाले, "बघून घे." आणि अंघोळीला गेले.

जाऊबाई एकट्याच गेल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, "तिथून आता म्हातारीपन वर येईल."

पावसात तळं भरलं. पाट बरोबर काम करत होता, पाणी ठरलेल्या रेषेवर येऊन थांबायचं. काठाने आम्ही वाळा आणि कर्दळ लावली, पण अंतर सोडून, मधून सगळं दिसेल अशी. मातीच्या कुंड्यांत कमळाचे कंद लावून त्या पाण्यात ठेवल्या. शेजारच्या नव्या इमारतीतले लोक डासांची तक्रार घेऊन आले, तेव्हा दिरांनी कुठूनतरी गप्पी मासे आणून सोडले. त्याच लोकांपैकी साताऱ्याकडच्या एक काकू नंतर रोज खिडकीतून विचारायच्या, "आज किती कमळं?"

जाऊबाईंची मुलगी तोवर पाण्यापासून लांबच वाढली होती. शाळेची सहल कळंबच्या समुद्रावर गेली तर तिला पाठवलं नव्हतं. एका रविवारी ती उतारावर बसली होती. "आई, पाय घालू?" तिने विचारलं. जाऊबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं. "घाल," त्या म्हणाल्या. मुलीने पाय घातले. मग उभी राहिली, एक पाऊल टाकलं, आणखी एक, मध्यापर्यंत गेली आणि हसत आमच्याकडे वळली. पाणी तिच्या मांडीलाही पोचत नव्हतं. ती इकडेतिकडे पाणी उडवत फिरली आणि मनाला येईल त्या बाजूने बाहेर आली. जाऊबाईंनी माझं मनगट सोडलं तेव्हा त्यावर नखांच्या खुणा होत्या. त्यांना ते कळलंच नव्हतं.

उन्हाळा आला आणि पाणी आटायला लागलं. मला वाईट वाटलं. माझा नवरा म्हणाला, तळाला सिमेंट करून घेऊ, बोअरचं पाणी सोडू, बारमाही राहील. त्याने गवंड्याशी बोलणंही केलं होतं.

जाऊबाई म्हणाल्या, "नको. आटू दे."

"अहो वहिनी, मासे मरतील. कमळं जातील."

"मासे हौदात टाका. कुंड्यापन हौदात ठेवू. वर्षातून एकदा मला तळ दिसला पाहिजे."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात कुंड्या उचलून घराजवळच्या हौदात न्यायच्या आणि जूनमध्ये परत आणायच्या, हे आमच्या घराचं एक कामच झालं. कोरड्या तळात जाऊबाई अनवाणी चालून यायच्या. कधी तडे गेलेली माती बोटाने उचकून बघायच्या, कधी नुसत्या बसायच्या. कुणी त्यांना काय करता म्हणून विचारलं नाही.

बरीच वर्षं गेली. आजूबाजूच्या बहुतेक वाड्यांतली बावखलं बुजली. तिथे आता पार्किंग आहे, दुकानं आहेत. मुलगी कॉलेजात जायला लागली. सासूबाई गेल्या. मग एका पावसाळ्यात पाणी इतकं साचलं की सगळी वाडीच पाण्याखाली गेली. ओहोळ इमारतींनी अरुंद केला होता, पाणी जायला वाट नव्हती. तळ्याचा काठ कुठे आणि वाट कुठे, काही दिसेना. दीर छातीएवढ्या पाण्यातून काठीने चाचपत गेले आणि तळ्याभोवती बांबू रोवून त्यांना लाल फडकी बांधून आले. वाडीत तेव्हा कुणीही येणार नव्हतं. तरी गेले. जाऊबाई गच्चीवरून त्यांच्याकडे बघत होत्या आणि ते परत पायरीला लागेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

पाणी ओसरलं तेव्हा तळं गाळाने पार भरलं होतं. वरून प्लॅस्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, कुणाची तरी एक चप्पल. कमळाच्या कुंड्या फुटल्या होत्या. माझा नवरा मला हळूच म्हणाला, आता कदाचित आपोआपच बुजलं म्हणतील दोघं. मलाही तसंच वाटलं. दोघांची वयं झाली होती, दिरांचा गुडघा दुखायचा.

चिखल जरा घट्ट झाल्यावर जाऊबाई घमेलं घेऊन आत उतरल्या. दीर फावडं घेऊन त्यांच्यामागे गेले. ते भरून द्यायचे, त्या उचलून केळीच्या बुंध्याशी नेऊन टाकायच्या. आम्ही गडी बोलवायचं म्हटलं तर दीर म्हणाले, "होईल सावकाश." रोज थोडं थोडं असं चाललं होतं.

एका सकाळी मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. ते दोघं उतारावर शेजारी शेजारी बसले होते, माझ्याकडे पाठ करून. पाय चिखलाने भरलेले. दिरांचा आवाज ऐकू आला म्हणून मी थांबले.

"मी पाट बदलायला गेलो होतो. लांब नव्हतो गं."

"माहीत आहे."

"हाक मारली असती तर ऐकू आली असती. पण पंपाचा आवाज..."

"माहीत आहे मला. तेव्हापासून माहीत आहे."

दिरांचे खांदे हलत होते. जाऊबाईंनी चिखलाचा हात साडीला पुसला आणि त्यांच्या पाठीवर ठेवला. मग त्याच म्हणाल्या, "बेडकाला किती घाबरायचा. दिसला की तुमच्या अंगावर चढायचा, आठवतं?"

"कानच धरायचा माझे," दीर म्हणाले. "दोन्ही कान. ओढायचा असा की..." आणि हसले. रडताना माणूस हसतो तसं.

मी त्या घरात आल्यापासून त्या दोघांना त्याच्याबद्दल एकमेकांशी बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. मी चहा घेऊन तशीच मागे फिरले. स्वयंपाकघरात येऊन तो पातेल्यात ओतला, झाकून ठेवला आणि वाट बघत बसले. ते बऱ्याच वेळाने आले. दिरांनी हातपाय धुतले, चहा मागितला आणि मला म्हणाले, "कमळाचे कंद कुठे मिळतात बघ जरा. या खेपेला पांढरी लावायची म्हणते ती."